मेली की मारली? ‘हामुराबी’ या संगणक-खेळाचे एक वाचन

प्राचीन नगरे वसवण्याच्या संगणक-खेळांची वंशावळ सांगताना बहुतेक जण १९९२च्या ‘सीझर’पासून सुरुवात करतात. रोमन रस्ते, कारंजी, जलवाहिन्या असा तो थाट. पण या घराण्याचा मूळपुरुष बराच जुना आहे आणि त्याच्याकडे दाखवायला एकही चित्र नाही. १९६४च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर परगण्यात मेबल अ‍ॅडिस या शिक्षिकेने आयबीएमच्या मदतीने सहावीच्या मुलांसाठी ‘द सुमेरियन गेम’ रचला. मुलांनी लगाश नगराचे राजे व्हायचे आणि धान्याचा हिशेब सांभाळायचा. त्याविषयी ऐकून डग डायमेंट यांनी १९६८मध्ये एक आटोपशीर खेळ लिहिला. पुढे डेव्हिड आल यांनी तो बेसिक या संगणकभाषेत आणला, शेवटी राजाच्या कारकिर्दीवर निकालपत्र जोडले आणि १९७३मध्ये पुस्तकात छापला. हाच ‘हामुराबी’.

इथे घरे नाहीत, तटबंदी नाही. सगळे नगर शब्दांत आणि आकड्यांत आहे. म्हणून तो जितका खेळता येतो तितकाच वाचता येतो. मराठीत आणायचा म्हटले तर त्याची दीडशेच्या आतबाहेरची ओळ न् ओळ वाचावी लागते, आणि तेव्हा एक क्रियापद वाट अडवून उभे राहते.

आधी खेळ समजून घेऊ. मुदत १० वर्षांची. आरंभी १०० माणसे, १,००० एकर जमीन, कोठारात २,८०० बुशेल धान्य. २०० बुशेल उंदरांनी आधीच फस्त केलेले. दरसाल कारभारी अहवाल देतो आणि विचारतो: जमीन किती घ्यायची वा विकायची, प्रजेला किती धान्य द्यायचे, पेरायचे किती. माणशी वर्षाला २० बुशेल लागतात, एका एकराला अर्धा बुशेल बियाणे. म्हणजे पहिल्या वर्षी सगळ्यांना खाऊ घालून, सगळी जमीन पेरून ३०० बुशेल उरतात. पुढचे पीक दैवावर: एकरी १ बुशेल किंवा ५.

कारभाऱ्याचा आवाज मराठीत उतरवणे सोपे आहे. अदबीने वर्दी देणारा, पायरी ओळखणारा हा माणूस आपल्या जुन्या पत्रव्यवहारात जागोजागी भेटतो. ‘महाराजांचे सेवेसी विज्ञापना’ म्हटले की तो उभा राहिला. त्याचा स्वाभिमानही पाहण्यासारखा आहे. राजाने उणे आकडा टाकला तर तो संतापतो आणि दुसरा कारभारी शोधा म्हणून सांगतो. प्रजेच्या धान्यापुढे शून्य टाकले तर मात्र तो निमूटपणे तेवढेच मांडतो. अशक्य गणित त्याला खपत नाही, उपासमार खपते.

आता ते क्रियापद. इंग्रजीतले ‘स्टार्व्ह’ अकर्मकही आहे आणि सकर्मकही. दरसालच्या अहवालात ते अकर्मक येते: अमुक माणसे उपासमारीने गेली. तिथे कर्ता नाही. पाऊस पडावा तशी माणसे गेलेली असतात. पण एका वर्षात ४५ टक्क्यांहून जास्त लोक भुकेने गेले की तोच शब्द एकदम सकर्मक होतो: तुम्ही इतक्या माणसांना उपाशी मारले. लगोलग राजाची गच्छंती होते आणि त्याच्या नावाने अस्सल अमेरिकी शिवी हासडली जाते. इंग्रजी वाचकाला ही उडी जाणवत नाही, कारण शब्द बदललेला नसतो.

मराठीत ती लपवता येत नाही. आपल्याकडे मरणे आणि मारणे यांत एका कान्याचे अंतर आहे, आणि तो काना द्यायचा की नाही हे प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते. पडणे-पाडणे, जळणे-जाळणे, तसेच हे. तमिळमध्येही ‘अऴिंददु’ म्हणजे नष्ट झाले, ‘अऴित्तदु’ म्हणजे नष्ट केले. तिथेही बोलणाऱ्याला बाजू घ्यावी लागते. मराठी आणखी एक पाऊल पुढे जाते. ‘मारलीत’ या रूपातली ‘ली’ मेलेल्या माणसांशी जुळते आणि ‘त’ मारणाऱ्या तुम्हांशी. एकाच क्रियापदात दोघे समोरासमोर उभे.

खेळाचे निकालपत्र हाच घोळ आकड्यांत घालते. दोन कसोट्या आहेत: दरसाल सरासरी किती टक्के लोक भुकेने गेले आणि शेवटी माणशी किती एकर जमीन उरली. माणसे कमी झाली की दुसरी कसोटी आपोआप सुधारते. रोगाच्या साथीत अर्धे नगर गेले तरी ते मृत्यू पहिल्या कसोटीत धरले जात नाहीत. आणि भूकबळींची सरासरी ३ टक्क्यांच्या आत, जमीन माणशी १० एकर किंवा जास्त, असे जमले तर सर्वोच्च प्रशस्ती मिळते: शार्लमेन, डिझरायली आणि जेफरसन यांना मिळूनही याहून चांगले जमले नसते.

इथे सोयीचा मार्ग म्हणजे ही नावे बदलून अशोक, अहिल्याबाई अशी आपली घालणे. चेन्नईत बसून भाषांतर करणाऱ्याने डिझरायलीला हात लावू नये असे मला वाटते. १८७६-७८च्या दुष्काळात ब्रिटनचा पंतप्रधान तोच होता. मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याचा दख्खन भाग यांत त्या दुष्काळाने ५० लाखांहून अधिक माणसे नेली. त्याने नेमलेला व्हाइसरॉय लिटन याने १८७७च्या आरंभी रिचर्ड टेंपलला खर्च आवरण्यासाठी मद्रासला धाडले. टेंपलने दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरवली: रोज १ पौंड धान्य आणि वर १ आणा. गव्हाचा बुशेल ६० पौंडांचा धरला तर ‘हामुराबी’तला शिधा रोज ३ पौंडांहून जास्त भरतो. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी किमान दीड पौंड धान्य आणि जोडीला डाळ-भाजी हवी असा आग्रह धरला. मार्चमध्ये मद्रास सरकारने धान्य सव्वा पौंडावर नेले आणि थोडी डाळ दिली. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. चेन्नईत अड्यार आणि कूवम नद्यांना जोडणारा बकिंगहॅम कालव्याचा तुकडा याच दुष्काळी कामांतून खणला गेला. आज त्याच्या पात्रात उपनगरी रेल्वेचे खांब उभे आहेत. नाव आहे तेव्हाच्या गव्हर्नरचे.

इतक्याशा खेळावर एवढे ओझे कशाला, असे कोणी विचारील. आल यांनी ही नावे गमतीनेच घातली असणार, आणि खेळाचे श्रेयही नाकारता येत नाही: बियाणे आणि घास एकाच कोठारातून निघतात हे त्याने असंख्य मुलांना शिकवले. शिवाय जमीन विकून धान्य घेण्याची वाट त्याने खुली ठेवली आहे. पीक बुडाले तरी ५० एकर विकले की साधारण १,००० बुशेल हाती येतात, ५० माणसांचे वर्ष निघते. म्हणजे बहुतेक वेळा उपासमार हा दैवाचा भाग नसून खेळाडूने निवडलेला आकडा असतो. खेळाचे गणित हे जाणते. त्याची भाषा मात्र सांगत नाही.

मग भाषांतरकाराने अहवालातही ‘मारलीत’ लिहावे का? मोह होतो, पण नको. मूळ मजकुरापेक्षा शहाणे होण्याचा हा प्रकार झाला. कारभारी अदबीनेच बोलला पाहिजे. त्याची अदब हाच पुरावा आहे. पहिल्याच वर्षी शंभरातली ४५ माणसे गेली तर तो म्हणेल, ‘महाराज, ४५ माणसे उपाशी मेली’, आणि पुढच्या सालचा जमिनीचा भाव सांगेल. आणखी एक गेले की सगळीच्या सगळी ४६ ‘मारलीत’. तो काना तिथेच, तेवढ्याच उशिरा यावा, आणि वाचकाला तो ऐकू यावा.