चौदा मिलिमीटरचं वर्तुळ नेमकं काय सांगतं?

तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक न बघता सांगू? 'मेळघाटातील अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काचे फायटोकेमिकल स्क्रीनिंग व जीवाणूरोधी गुणधर्म.' वनस्पती नसेल तर लोणारच्या पाण्यातला बॅसिलस, नाहीतर अकोल्याच्या काळ्या मातीतला स्ट्रेप्टोमायसिस. पेट निघाली, गाईड मिळाले, विषय महिनाभरात द्यायचाय, आणि अशा पेपरांचा नमुना समोर तयारच असतो. म्हणून तुम्ही सही करण्याआधी हा नमुना एकदा नीट वाचू या. पुढची चार-पाच वर्षं त्यावर जाणार आहेत.

पेपर साधारण असा असतो. पानं सावलीत वाळवली, सॉक्सलेटमध्ये पेट्रोलियम इथर, क्लोरोफॉर्म, मिथेनॉल असे एकामागून एक अर्क काढले. मग परीक्षानळीत अल्कलॉइड, टॅनिन, सॅपोनिन, फ्लॅव्होनॉइड, आणि टेबलात अधिक-उण्याची चिन्हं. मग अगरच्या प्लेटमध्ये खड्डे पाडून अर्क ओतला, दुसऱ्या दिवशी वर्तुळं मोजली. मिथेनॉल अर्काचं 14 मिलिमीटर, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या डिस्कचं 28. निष्कर्ष: अर्कात प्रमाण औषधाच्या निम्मी ताकद आहे, आणि त्यातून भविष्यात नवीन प्रतिजैविक मिळू शकेल.

थांबा, इथे गणित करू. अर्क 100 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, खड्ड्यात 50 मायक्रोलिटर. म्हणजे 5 मिलिग्रॅम, अर्थात 5000 मायक्रोग्रॅम माल गेला. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या डिस्कवर असतात 5 मायक्रोग्रॅम. हजारपट माल ओतून अर्धं वर्तुळ आलं, आणि आपण त्याला 'निम्मी ताकद' म्हणतोय! बरं, अर्क म्हणजे शुद्ध पदार्थ नव्हे हे मान्य. त्यात कामाचं रसायन एकच टक्का आहे असं धरा. तरी ते 50 मायक्रोग्रॅम झालं, दहापट. शिवाय वर्तुळाचा आकार फक्त ताकदीवर ठरत नाही. रसायन अगरमध्ये किती पसरतं, थर किती जाड आहे, जीवाणू किती दाट पसरवलेत, यावरही ठरतो. पाण्यात न विरघळणारं चांगलं रसायन खड्ड्यातच बसून राहील आणि तुम्ही लिहाल 'क्रिया नाही'.

हे दुखणं काही आजचं नाही. स्पेनचे रिओस आणि रेसिओ यांनी 2005 मध्येच लिहून ठेवलंय की अर्काची किमान रोधक मात्रा 1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर तिचा गवगवा करू नये. 100 मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर दखल घ्यावी. पॉल कोस आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी अर्कासाठी 100 मायक्रोग्रॅमचीच रेघ मारली. गंमत म्हणजे हे दोन्ही लेख आपल्याकडच्या पेपरांच्या संदर्भयादीत सापडतात. वाचून नव्हे, उचलून.

अधिक-उण्याच्या टेबलावर माझा राग जरा जास्तच आहे. हिरडा-बेहड्यात टॅनिन सापडलं ही बातमी नाही. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावली गेली आहेत. उलट टॅनिन सापडलं तर सावध व्हायला हवं. टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. एन्झाइमवरच्या कितीतरी चाचण्यांमध्ये ते खोटा होकार देतं. ते आधी काढून टाकून चाचणी पुन्हा केली का, हा प्रश्न व्हायव्हात कुणी विचारला तर अर्धे प्रबंध तिथेच बसतील.

आता 'जीनस' या शब्दाकडे. 'क्लोरोफायटम या जीनसमध्ये औषधी सॅपोनिन असतात, म्हणून आम्ही ही मुसळी निवडली.' सफेद मुसळी म्हणजे क्लोरोफायटम बोरिविलियानम. सांतापाव आणि फर्नांडिस यांनी 1950 च्या दशकात तिचं वर्णन केलं, नाव चक्क मुंबईच्या बोरिवलीवरून. पण बाजारात आणि रानात 'मुसळी' या एका नावाखाली याच जीनसच्या इतर जातीही चालतात. कंद सोलून वाळवला की ओळखायचा कसा? म्हणून नमुन्याचं हर्बेरियम शीट करून, जाणकाराकडून जात ठरवून, तिचा क्रमांक पेपरात दिला नसेल तर पुढची सगळी रसायनं हवेत लटकतात. आडनाव सारखं म्हणून सातबारा एक होत नाही.

सूक्ष्मजीवांत उलटा घोटाळा होतो. स्ट्रेप्टोमायसिस सापडला, प्रतिजैविक बनवतोय, आनंदीआनंद! पण मातीतल्या दर दहा अॅक्टिनोमायसीटांत साधारण एक स्ट्रेप्टोथ्रिसिन बनवतो आणि शंभरात एक स्ट्रेप्टोमायसिन. म्हणजे तुमच्या वर्तुळामागे जुनाच पाहुणा असण्याची शक्यता दांडगी. तो कोण आहे हे मास स्पेक्ट्रोमीटरवर आधीच बघून घ्यायचं. तीन वर्षं शुद्धीकरण करून नव्हे. लोणारचंही तेच. सरोवराच्या पाण्याचा सामू 10 च्या आसपास. तिथल्या बॅसिलसने बाहेर सोडलेलं प्रोटिएज अल्कधर्मी पाण्यात चालतं यात नवल काय? न चालून त्याला परवडणार आहे का? कपड्यांच्या पावडरीत बॅसिलसचंच सबटिलिसिन कित्येक दशकं आहे. तुमचं त्याहून कशात सरस, ब्लीच सोसण्यात की थंड पाण्यात, हे मोजलंत तर पेपर.

मग हे सगळं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. या वाटेने फार मोठं काम झालेलं आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्या तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात फळीवर ठेवलेला आहे. तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीला शेतकरी मारतो ते इमामेक्टिन बेन्झोएट मूळचं स्ट्रेप्टोमायसिस अॅव्हर्मिटिलिसचं. सातोशी ओमुरा यांनी जपानात एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून तो जीवाणू वेगळा केला. पुढे मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने त्याचा द्रव प्लेटमध्ये ओतला नाही; जंत झालेल्या उंदरांना खाऊ घातला. अॅव्हर्मेक्टिन मिळालं, त्यातून आयव्हरमेक्टिन, 2015 चं नोबेल. आपल्या पिंपरीतही हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांच्या गटाने बुरशीवर शोध धरून हॅमायसिन काढलं. त्या जीवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

कडुनिंबाचं बघा. 1962 मध्ये दिल्लीत प्रधान, जोटवानी आणि राय यांनी निंबोळीचा द्रव टोळांवर तपासला: टोळ फवारलेलं पान खातो की नाही, एवढाच साधा प्रश्न. 1968 मध्ये इंग्लंडात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी टोळाच्याच खाण्यावर नजर ठेवत अर्काचे भाग पाडत पाडत अॅझाडिरॅक्टिन वेगळं केलं. रचना पक्की व्हायला 1985 उजाडलं, प्रयोगशाळेत बनवायला 2007. अॅझाडिरॅक्टिन किडीची भूक मारतं आणि कात टाकणं बिघडवतं. ई. कोलायला ना भूक ना कात. पहिल्या दिवशी प्लेटच घेतली असती तर हे गुण कधी दिसलेच नसते. शिवाय ते मुख्यतः बीमध्ये असतं, आणि आपण पानंच तोडतो, कारण पानं बाराही महिने मिळतात.

इथे आपल्या भागात खरं काम पडलेलं आहे. 5 टक्के निंबोळी अर्क शेतकऱ्यांना माहीत आहे: 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, पाणी घालून 100 लिटर करायचं, थोडा साबण. पण अॅझाडिरॅक्टिनचं प्रमाण झाडागणिक बदलतं, बुरशी लागलेल्या साठ्यात घटतं आणि उन्हात ते लवकर मोडतं. म्हणजे दोन शेतकऱ्यांच्या '5 टक्क्यां'त प्रत्यक्ष औषध किती, हे वेगवेगळं. एकाची बोंडअळी थांबते, दुसरा म्हणतो 'काही फरक नाही पडला भाऊ' आणि महागडी बाटली आणतो. दर्यापूर आणि अकोटच्या बांधांवरच्या निंबोळ्या घ्या, जून-जुलैत वेचलेल्या आणि पावसाळाभर पोत्यात राहिलेल्या अशा दोन्ही. एचपीएलसीवर अॅझाडिरॅक्टिन मोजा. अर्क सकाळी फवारल्यावर संध्याकाळी पानावर किती उरतं ते बघा, आणि त्याच पानावर अळी सोडून तिने किती खाल्लं तेही मोजा. यात नवीन रेणू निघणार नाही. गाईड कदाचित विचारतील, नावीन्य काय? तेव्हा त्यांच्यापुढे हेच आकडे ठेवा, आणि सोबत ते 5000 विरुद्ध 5 चं गणितही.