गॅझेटियर, कागद आणि नातें : कुणबी-नोंदींचा प्रमाणविचार

अंतरवाली सराटी (ता. अंबड, जि. जालना) येथें २९ ऑगस्ट २०२३ रोजीं मनोज जरांगे यांनीं उपोषण आरंभिलें, तेव्हांपासून मराठवाड्यांतील जुनीं दप्तरें एका नव्या कारणास्तव उघडलीं जाऊं लागलीं. मराठा म्हणविणाऱ्या कुटुंबांचे पूर्वज ‘कुणबी’ म्हणून नोंदलेले होते काय, हें पाहण्यासाठीं सरकारनें न्या. संदीप शिंदे यांची समिति नेमिली. पुढें २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानें ‘हैदराबाद गॅझेटियर’ हें या चौकशीच्या आधारांत घेतलें. आरक्षण कोणास असावें हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. ज्या साधनांवर वाद उभा आहे त्यांचें बळ किती, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम गॅझेटियर. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. निजामी अमलांत अंबड व भोकरदन हे भाग औरंगाबादेकडे आणि परतूर परभणीकडे मोडे. शोधकानें पानें उलटण्यापूर्वीं हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. परंतु मुख्य मर्यादा निराळी आहे. गॅझेटियर व खानेसुमारी हीं समूहाची संख्या देतात, व्यक्तीचें नांव देत नाहींत. शिवाय ती संख्याही स्थिर नव्हे. १९०१ च्या खानेसुमारींत रिस्ले यांनीं जातींची उच्चनीच क्रमवारी लावण्याचा प्रयत्न केला, आणि त्यानंतर नांवें बदलून मिळावीं म्हणून जातिसभांचे अर्ज वाढले. म्हणून एखाद्या वर्षीं ‘कुणबी’ कमी भरले, तर माणसें गेलीं असें नव्हे. नांव बदललें असण्याचा संभव आहे. अशा आंकड्यांवरून अमक्याचा आजा कुणबी होता हें सिद्ध होत नाहीं, आणि नव्हता हेंही सिद्ध होत नाहीं.

दुसरें साधन नांवनिशीचे कागद : खासरा व पाहणी पत्रकें, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळेचे दाखले, इनामांचे मुंतखब. यांचें प्रामाण्य अर्थातच अधिक. मात्र येथें वाचनाचा धोका आहे. जुन्या कागदांत ‘कुणबी’ हा शब्द कोठें जातीचा, तर कोठें केवळ शेत कसणाऱ्याचा वाचक असतो. पेशवाईच्या कागदांतील ‘कुणबीण’ ही तर बहुधा दासी असते, कुणब्याची बायको नव्हे. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नाहीं आणि शब्द सलग लिहिलेले. तेव्हां एक शब्द तोडून वाचणें म्हणजे अर्थाचा अनर्थ करणें होय.

तिसरें साधन नातें. उपर्युक्त निर्णयांत गांवांतील वा कुळांतील नातेवाइकांच्या प्रतिज्ञापत्रास स्थान आहे. येथें मानवशास्त्राची मदत घ्यावी लागते. इरावती कर्वे यांनीं १९५३ च्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथांत व १९६१ च्या हिंदुसमाजविषयक पुस्तकांत या प्रश्नाचा पाया घातलेला आहे. जात म्हणजे विस्तारलेला नातेसमूह, आणि एकाच नांवाखालीं परस्परांशीं लग्नव्यवहार नसलेले अनेक समूह असूं शकतात, असें त्यांचें म्हणणें. याचा अर्थ, नांव एक म्हणून नातें एक असें होत नाहीं. कूळ बापाकडून येतें; सोयरीक लग्नानें जडते. समान देवक असल्यास विवाह वर्ज्य मानितात, याचेंही मर्म हेंच. सोयरिकीनें दोन कुळें जवळ येतात, एक होत नाहींत. ‘सगेसोयरे’ हा जोडशब्द बोलण्यांत सोपा आहे. पुराव्यांत त्याचे दोन्ही भाग वेगळे तपासले पाहिजेत.

सारांश, संख्या, नोंद व नातें यांचें बळ भिन्न आहे, आणि एकाचें काम दुसऱ्याकडून करून घेणें अशास्त्रीय होय. आज एका शब्दावर एखाद्या मुलाचा शाळाप्रवेश वा नोकरी अवलंबून आहे; खोटी नोंद पुढें आली तर खऱ्या नोंदीवाल्याचाही विश्वास बुडतो. म्हणून ज्या संग्राहकांपाशीं या भागांतील दप्तरें आहेत त्यांस विनंति कीं, त्यांनीं एक ओळ कापून देऊं नये. संपूर्ण पानाचें छायाचित्र द्यावें, मागचीपुढचीं पानें जोडावीं, कागद कोणत्या गांवच्या कोणत्या दप्तरांतून आला तें लिहावें, आणि मूळ कागद जागेवरून हलवूं नये. निकाल कोणाच्याही बाजूनें लागो. कागद शाबूत राहिला तर पुढील शोधकास तो पुन्हां विचारतां येईल.