उल्लेखांची मोजदाद आणि नारळीकर

नांदेड-लातूरच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी एक बातमी हमखास येते : अमुक महाविद्यालयाचे प्राध्यापक 'जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत'. सोबत पुष्पगुच्छाचे छायाचित्र असते. संशोधन कशावर, याविषयी बहुधा एक ओळही नसते. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन इयोअनिडिस व सहकारी २०१९ पासून प्रसिद्ध करतात. ती खोटी नाही. पण ती नेमके काय मोजते हे शिक्षकांनी तरी जाणून घ्यायला हवे.

प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी आधारभूत निबंधांची यादी असते. आपला निबंध इतरांच्या अशा याद्यांत जितक्या वेळा येतो, तितके त्याचे उल्लेख. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली उल्लेखांची सूची काढली ती मुख्यतः संदर्भ शोधण्यासाठी. माणसे तोलण्याचा वापर मागून फोफावला. २००५ मध्ये हिर्श या भौतिकीतज्ज्ञाने एक निर्देशांक सुचवला : किमान ४ उल्लेख असलेले ४ निबंध असतील तर निर्देशांक ४. आता पाहा, एकाच्या पाच निबंधांना १००, ५०, १०, ४ आणि २ उल्लेख आहेत. दुसऱ्याच्या चार निबंधांना ५, ५, ४, ४. दोघांचाही निर्देशांक ४ च! वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगे हे गणित आहे.

हे माप जयंत नारळीकरांना (१९३८–२०२५) लावून पाहू. १९६४ साली फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तूचे वस्तुमान हा तिचा एकटीचा गुण नसून विश्वातील इतर द्रव्याच्या प्रभावातून ते येते, अशी त्यामागची कल्पना. पुढच्याच वर्षी स्टीफन हॉकिंग या तरुण विद्यार्थ्याने, त्यातील काही बेरजा प्रसरण पावणाऱ्या विश्वात अनंताकडे जातात, असा आक्षेप छापला. मोजणाऱ्याच्या वहीत हॉकिंगचा आक्षेप म्हणजे हॉइल-नारळीकरांच्या खात्यावर आणखी एक उल्लेख. सहमती आणि खंडन एकाच रकान्यात! तरीही त्या खंडनाने विषय पुढे गेला, हे खरे मूल्य. ते मात्र आकड्यात दिसत नाही.

उलट बाजूही आहे. १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी 'स्थिरवत् स्थिती' विश्वाचे प्रतिरूप मांडले. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ते पटले नाही. आमच्या मते निरीक्षणांचा कौल महास्फोटाच्याच बाजूचा आहे. पण ज्या वाटेने थोडेच लोक जातात, तिथे उल्लेख करणारेही थोडेच असणार. गुरुत्वीय लहरींच्या शोधाचा २०१६ चा निबंध घ्या. त्याचे लेखक हजाराच्या घरात, आणि साध्या मोजणीत प्रत्येकाच्या खात्यावर सगळे उल्लेख जमा. (लायगो-इंडिया आपल्या शेजारी औंढा नागनाथजवळ उभे राहत आहे, उद्या मराठवाड्यातील एखादे नावही अशा यादीत येईल.) इयोअनिडिस यांच्या सूत्रात सहलेखकांची वजावट आहे, एवढे श्रेय त्यांना द्यावे.

नारळीकरांचे बरेच काम तर या वहीत शिरतच नाही. १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात 'आयुका' उभी केली, ती विद्यापीठांतील शिक्षकांना संशोधनाची सोय मिळावी म्हणून. १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठासारख्या ठिकाणी खगोलभौतिकी करू पाहणाऱ्याला असा आधार किती मोलाचा! १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेली 'कृष्णविवर' ही कथा : उल्लेख शून्य. २००९ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी प्रसिद्ध केली. २७ ज्योतिष्यांची अचूकता सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकीही नाही. शाळेसाठी याहून उपयुक्त निबंध आम्हांला तरी माहीत नाही.

आमचेच सांगतो. आमचा सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध म्हणजे इतरांच्या निरीक्षणांचे एक सोयीस्कर कोष्टक. चार वर्षे झिजून लिहिलेल्या निबंधाला सहा उल्लेख. त्यांतले दोन आमचेच.

मोजदाद अगदीच टाकाऊ नाही. वशिल्यापेक्षा आकडा बरा. पण २०१० पासून महाविद्यालयीन शिक्षकांच्या बढतीला निबंधांचे गुण चिकटले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्यानंतरची 'केअर' यादीही २०२५ मध्ये बंद झाली.

एका निवड समितीत आम्ही बसलो होतो. एका उमेदवाराने जाडजूड फाईल पुढे ठेवली. त्यांतलाच एक आलेख काढून आम्ही विचारले, 'आडव्या अक्षावर काय आहे?' उत्तर आले नाही. दुसऱ्या उमेदवाराकडे दोनच निबंध होते. त्याने उठून फळ्यावर समीकरण मांडले. निवड गुणांच्या बेरजेनुसार पहिल्याची झाली. त्या पत्रकावर आमचीही सही आहे.