चित्रकथा कुठे थांबवायची?

आता मुद्द्याकडे येऊ. अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. कालिदासाची शकुंतला, शूद्रकाची वसंतसेना आपल्यापैकी कित्येकांना तिथेच पहिल्यांदा भेटल्या. हे ऋण आम्ही नाकारत नाही. पण बत्तीस पानांत गोष्ट संपली की मुलाला वाटतं, झालं वाचून! शाप कळला, अंगठी कळली. कालिदास राहिलाच की.

आज आष्ट्यात बसलोय, तर आपल्याच वाळवा तालुक्यातल्या, वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ कादंबरी घ्या. राणोजी शिगावच्या जत्रेतून जोगणी घेऊन निघतो, मागे माणसं लागतात. हा प्रसंग चित्रांत उत्तम उतरेल, जरूर काढावा. पण गावासाठी एखादा माणूस जीव का पणाला लावतो, हे अण्णाभाऊंच्या वाक्यांतूनच उमगतं. तलवार काढता येते, ती भाषा कशी काढणार?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की चित्रकथा राणोजीच्या परतीच्या वाटेवर थांबवावी. सहावी-सातवीतली पोरं विचारतीलच, ‘मग पुढं काय झालं?’ तेव्हा गुरुजींनी, बाईंनी उत्तर देऊ नये. ‘फकिरा’ उघडावी आणि तिथून पुढं मोठ्यानं वाचावं.