वाटाड्या न मिळालेली रात्र

प्रवासवर्णनाचे एक दुर्दैव असे की, ते फार चांगले उतरले म्हणजे लोक त्याचा वाटाड्या करून टाकतात. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या 'ट्रॅव्हल्स विथ अ डाँकी इन द सेव्हेन' या छोट्या पुस्तकाच्या वाट्याला नेमके हेच आले आहे. २२ सप्टेंबर १८७८ रोजी दक्षिण फ्रान्समधील ल मोनास्तिए या गावाहून तो निघाला आणि १२ दिवसांत सुमारे १२० मैल चालून सें-जाँ-द्यु-गारला पोहोचला. पुस्तक १८७९ साली निघाले. आज त्या वाटेला त्याचेच नाव आहे. 'जी. आर. ७०' असा तिचा क्रमांक असून जागोजागी पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या खुणा आहेत. मुक्काम आधी ठरवून देणाऱ्या, सामान मोटारीने पुढच्या गावी पोचवणाऱ्या, हवा तर वाटाड्याही बरोबर देणाऱ्या सहली तेथे निघतात. भाड्याने गाढवही मिळते.

या सोयींना नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न वाङ्मयाचा आहे. पुस्तक खिशात घालून या वाटेने जाणारा मनुष्य स्टीव्हन्सनच्या मागून चालत असतो काय?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातल्या एका रात्रीत आहे. लँगोन्य सोडून शेलारकडे निघालेला स्टीव्हन्सन संध्याकाळी वाट चुकतो. दोन पोरींना विचारावे, तर एक जीभ काढून दाखवते आणि दुसरी गाईंच्या मागे जा म्हणून सांगते. याच मुलखात १७६४ ते १७६७ या काळात एका श्वापदाने पुष्कळ बायका-पोरांचा बळी घेतला होता. त्या श्वापदाविषयी आपल्याला आता आपुलकी वाटू लागली, अशी स्टीव्हन्सनची त्यावर मल्लिनाथी! पुढे फुझिलाक या वस्तीवर तो एक दार ठोठावतो आणि वाट दाखवायला चला म्हणून विनवतो. घरधनी उंबरा ओलांडायला तयार नाही. कारण एवढेच की, बाहेर काळोख आहे. स्टीव्हन्सन त्याला तोंडावर भित्रा म्हणतो, आणि गाढवीण घेऊन वाऱ्या-पावसात रानात पथारी टाकतो. सकाळी जागा होतो तो कमालीचा प्रसन्न. आपण कोठे आहोत हे ठाऊक नसण्याचा आनंद त्याला आयुष्यात प्रथमच निर्भेळ स्वरूपात मिळालेला असतो.

पुस्तकातली पाइन वृक्षांखालची रात्र अधिक गाजली. तिचे वर्णन अधिक नितळ आहे, हे कबूल. परंतु ती रात्र त्याने हौसेने पत्करलेली आहे, आणि सकाळी मुक्कामाचे मोल म्हणून हिरवळीवर नाणी टाकीत जाण्यात थोडा देखणेपणाचा सोसही आहे. फुझिलाकची रात्र लादलेली आहे. म्हणूनच ती मला अधिक खरी वाटते. पाइनखालच्या रात्रीचे खरे बळ निसर्गवर्णनात नाहीच. प्रिय स्त्रीची सोबत असती तर, ही इच्छा तेथे त्याच्या तोंडून निसटते, तिच्यात ते आहे. फॅनी ऑसबर्न त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेला परतली होती. १८८० साली त्यांचे लग्न झाले. पुस्तकात तिचे नाव कोठेही नाही, पण तिचे नसणे पानापानांतून जाणवते. खुणेचे पट्टे रंगवणाऱ्याला ही वाट कशी दाखवता येणार?

पुस्तकातले वैगुण्य मोदेस्तीनच्या बाबतीत आहे. ही गाढवीण त्याने ६५ फ्रँक आणि ग्लासभर ब्रँडी देऊन घेतली. खानावळवाल्याने पराणी करून दिल्यावर तो निःशंकपणे तिला टोचत राहिला. शेवटी तिला खोगिरासकट ३५ फ्रँकांना विकले, आणि मग डोळ्यांत पाणी आणले. हे अश्रू खोटे नाहीत, पण उशिरा आले आहेत. मात्र आपला निर्दयपणा त्याने लपवलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

मग वाटाड्याला स्थानच नाही काय? आहे. पाँ-द-मोंव्हेर येथील पूल पाहून कोणालाही कळणार नाही की, जुलै १७०२ मध्ये याच गावात आबे द्यु शायलाचा वध होऊन प्रॉटेस्टंट कामिसारांचे बंड पेटले. १६८५ साली चौदाव्या लुईने त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले होते. हा इतिहास स्टीव्हन्सनलाही वाचूनच मिळाला, आणि तो ज्ञात असल्यामुळेच पुस्तकाचा उत्तरार्ध भारदस्त झाला आहे. जाणता वाटाड्या ज्ञान देऊ शकतो. त्याला एकच गोष्ट देता येत नाही, ती म्हणजे अज्ञान. आणि या पुस्तकाचा प्राण तर त्यातच आहे.

इंग्रज चरित्रकार रिचर्ड होम्स १९६४ साली, अठराव्या वर्षी, या वाटेने चालला. त्याची हकीगत 'फुटस्टेप्स' (१९८५) या पुस्तकात आहे. लँगोन्यला पुलावर उभा राहून तो जणू स्टीव्हन्सनचीच वाट पाहत होता. मग नदीवरचा जुना पूल त्याला दिसला. स्टीव्हन्सन गेला तो त्या पुलावरून, आणि तो तर मोडून पडलेला! दुसऱ्याच्या पावलांवर पाऊल ठेवता येत नाही, हे त्याला तेथे उमगले. सहलीला जाणाऱ्याने अवश्य जावे. पण स्टीव्हन्सनला भेटायचे असेल, तर एखाद्या संध्याकाळी, जेथे खुणेचे पट्टे नाहीत अशा वाटेवर, स्वतःच्या जबाबदारीवर चुकले पाहिजे.