भिंतीवरचा काळा लिटमस

नांदेडहून लातूरला जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे लागतात. या रस्त्यावरच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान दिनाला बोलायला गेलो होतो. वेळ होता म्हणून नववीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. आम्ल व आम्लारींचा पाठ प्रोजेक्टरवर चालू होता. निळ्या लिटमसची पट्टी आम्लात बुडाली आणि भिंतीवर चक्क काळी झाली. पुढच्या बाकावरची मुलगी शेजारणीला म्हणाली, "सर तांबडा म्हणायलेत, पण हे तर काळं दिसायलंय की!" तिने वहीत मात्र "तांबडा" असेच लिहिले. सरांनी सांगितले, बल्ब जुना झालाय.

बल्बचा काही दोष नव्हता. चित्रातला पांढरा भाग हिरवट निळा दिसत होता आणि पिवळा भाग हिरवा. प्रकाशाच्या रंगांची बेरीज ज्यांनी शिकवली आहे त्यांच्या हे लगेच लक्षात येईल: पांढऱ्यातून तांबडा वजा केला की हेच उरते. संगणकापासून आलेली केबल जुन्या पद्धतीची, व्हीजीए होती. १९८७ साली आलेल्या या पद्धतीत तांबडा, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचे संकेत तीन वेगळ्या तारांतून जातात. पंधरा पिनांपैकी पहिली पिन तांबड्याची. तीच वाकली होती.

आता खरी गंमत पुढे आहे. सरांनी हा दोष आधीच पाहिला होता आणि रिमोट हाती घेऊन, मेनूत शिरून, तांबड्याची पातळी टोकापर्यंत वाढवून ती मांडणी जतनही केली होती. तारेतून तांबडा येतच नव्हता, तेव्हा शून्याला कितीने गुणले तरी काय होणार? आम्ही पिन सरळ केली आणि सगळी भिंत गुलाबी झाली. दुसऱ्या शिक्षिकेचा लॅपटॉप एचडीएमआय केबलवर लावला, तर चित्र अगदी स्वच्छ. साहजिकच शाळेत असे मत झाले होते, की बाईंचा लॅपटॉप चांगला आणि सरांचा खराब.

इथे माझी तक्रार सरांविषयी नाही, यंत्र बनवणाऱ्यांविषयी आहे. पुष्कळ प्रोजेक्टर प्रत्येक इनपुटसाठी वेगळी मांडणी लक्षात ठेवतात. कल्पना चांगली आहे, पण ही गोष्ट पडद्यावर कुठेही सांगितलेली नसते. कोणी काय बदलले, मूळ आकडा किती होता, याचीही नोंद दिसत नाही. "रीसेट" असते, पण तेही कधी एका इनपुटपुरते, कधी सगळ्यांसाठी. प्रयोगशाळेत असे उपकरण मी कोणाला वापरू देणार नाही. शून्य कुठे आहे हे न सांगणारा तराजू आणि हा मेनू, दोन्ही सारखेच.

"डायनॅमिक" किंवा "ब्राइट" या नावाची अवस्था तर दुकानासाठीच केलेली असावी. पाऱ्याच्या दिव्यात हिरवा प्रकाश जोरकस आणि तांबडा कमी असतो. जास्तीत जास्त उजेड पाडायचा म्हणून या अवस्थेत हिरव्याला फारसे आवरत नाहीत. खिडक्यांना पडदे नसलेल्या वर्गात शिक्षक हीच अवस्था निवडतात, आणि त्यांना नावे ठेवता येणार नाहीत. पण ज्योत परीक्षा किंवा वर्णपट दाखवताना रंग हाच पुरावा असतो. त्या तासाला खिडकीवर सतरंजी टांगावी आणि अवस्था बदलावी.

आकाराचेही तेच. ४:३ चे चित्र १६:९ च्या चौकटीत ताणून बसवले, की ते रुंदीत एक तृतीयांशाने वाढते. मराठवाड्याच्या नकाशावर हे पाहा. लातूरपासून नांदेड सुमारे ८० किलोमीटर पूर्वेला आणि साधारण तितकेच उत्तरेला आहे, म्हणजे जवळजवळ नेमके ईशान्येला. ताणलेल्या नकाशात ८० चे १०७ होतात आणि नांदेड ईशान्येकडून सुमारे आठ अंश पूर्वेला कलते. कोनमापक घेऊन भिंतीशी जाणारा विद्यार्थी बरोबर मोजूनही चुकेल. भिंतीवरच्या चित्रावरून मोजमाप करवून घेणारे शिक्षक थोडे असतात, म्हणून हे चालून जाते.

"नो सिग्नल" विषयी थोडेच. प्रोजेक्टरवर योग्य इनपुट निवडूनही भिंत निळीच राहिली, तर बहुधा संगणक चित्र बाहेर पाठवत नसतो. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून "डुप्लिकेट" निवडावे. वीज गेली असेल, तर दिव्याचा प्रोजेक्टर लगेच पुन्हा पेटत नाही. गरम दिवा निवेपर्यंत फळ्यावर शिकवावे.

त्या शाळेत आम्ही एक पान तयार केले: पांढरा, तांबडा, हिरवा, निळा असे चार चौकोन आणि मधोमध एक वर्तुळ. पाठाआधी ते भिंतीवर टाकायचे, वर्तुळाची उंची आणि रुंदी दोरीने मोजायची. दोन्ही इनपुटांचे आकडे कागदावर लिहून तो कागद फळ्याशेजारी चिकटवला. मग सरांनी कपाटातून खऱ्या लिटमसची डबी काढली, कोणीतरी घरून लिंबू आणले, आणि त्या मुलीने तांबडी झालेली पट्टी भिंतीवरच्या चित्राशेजारी धरली. चित्रातला तांबडा अजूनही थोडा भडक होता. पण आता तो तिला स्वतःला दिसत होता.