मुक्त प्रणाली आणि मार्गदर्शिकेचा पत्ता

‘कोहा’ ही ग्रंथालय संगणकप्रणाली २००० मध्ये न्यूझीलंडमध्ये प्रथम कार्यान्वित झाली. प्रणाली मुक्त होती. परंतु तिच्या मूळ संकेतस्थळाचा पत्ता एका कंपनीच्या ताब्यात राहिला आणि २०१० मध्ये विकसकांच्या समुदायास नव्या पत्त्यावर संकेतस्थळ उभारावे लागले. केवळ प्रणाली मुक्त असून भागत नाही, तिची मार्गदर्शिकाही स्वतःच्या ताब्यात असावी लागते, हे यातून स्पष्ट होते. ही मार्गदर्शिका मुक्त परवान्याखाली असल्याने मुक्ताईनगरसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयही तिची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवू शकते. इंटरनेट खंडित झाले तरी ग्रंथपालास ती उपलब्ध राहील. मात्र प्रणालीची आवृत्ती बदलताच प्रतही बदलण्याची जबाबदारी महाविद्यालयाने स्वीकारली पाहिजे. अन्यथा जुनी प्रत दिशाभूलच करील.